वीस भागिले सहा

खानदेशच्या राजकारणाची चर्चा घराणी, जातीपाती, केळी-कापूस अशी रंगते. एक साधा भागाकार मात्र कोणी मांडत नाही. महाराष्ट्रात विधानसभेच्या जागा २८८ आणि लोकसभेच्या ४८, म्हणजे एका खासदाराच्या क्षेत्रात सहा विधानसभा मतदारसंघ. विधानसभा मतदारसंघ फोडून दोन खासदारांत वाटता येत नाही, असे कायदाच सांगतो. खानदेशात जळगाव जिल्ह्याच्या जागा ११, धुळ्याच्या ५, नंदुरबारच्या ४, बेरीज २०. तीन खासदार दिले तर दोन जागा उरतात, चार दिले तर चार कमी पडतात. २००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेत या चार जागा शेजारून घेतल्या गेल्या: मालेगाव मध्य, मालेगाव बाह्य आणि बागलाण नाशिक जिल्ह्यातून, मलकापूर बुलढाण्यातून. एरंडोल लोकसभा मतदारसंघ गेला, रावेर आला. आदिवासींसाठी राखीव असलेला धुळे खुला झाला.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. १९७६ च्या ४२व्या घटनादुरुस्तीने राज्यनिहाय जागा १९७१ च्या जनगणनेवर गोठवल्या आणि ८४व्या दुरुस्तीने ही गोठवणी २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढवली. २०११ च्या लोकसंख्येनुसार एका खासदारामागे उत्तर प्रदेशात सुमारे २५ लाख, महाराष्ट्रात २३ लाख, तमिळनाडूत साडेअठरा लाख माणसे येतात. उत्तर-दक्षिण वाद यातूनच पेटतो. तो खराच आहे, पण राज्याला किती जागा मिळाल्या यापेक्षा मतदारसंघाची रेघ कोणत्या तालुक्यातून गेली, हे गावाला जास्त भोवते.

धुळे जिल्ह्याचेच पाहा. पाच जागांपैकी साक्री आणि शिरपूर नंदुरबार लोकसभेत आणि उरलेल्या तीन धुळ्यात. त्यामुळे ‘धुळ्याचा’ खासदार निम्मा नाशिक जिल्ह्याचा असतो. २०२४ मध्ये काँग्रेसच्या शोभा बच्छाव यांनी भाजपचे सुभाष भामरे यांना ३,८३१ मतांनी हरवले. भामरे पाच विधानसभा क्षेत्रांत पुढे होते. एकट्या मालेगाव मध्यने बच्छावांना सुमारे १ लाख ९४ हजारांची आघाडी दिली. यावरून कोणी मालेगावकडे बोट दाखवतात, ते चूक आहे. मतमोजणी मतदारांची होते, तालुक्यांची नव्हे. शिवाय याच रेघांवर २००९, २०१४ आणि २०१९ मध्ये भाजपच जिंकला होता. नकाशा एका पक्षासाठी आखला, हा आरोप इथे टिकत नाही.

मग तक्रार कसली? साक्री-शिरपूर नंदुरबारला जोडण्यामागे आदिवासी लोकसंख्येचे प्रमाण आहे. आग्रा रस्त्याने मालेगाव धुळ्याला जवळ आहे आणि बागलाणात अहिराणी बोलली जाते. प्रत्येक रेघेला कारण सापडते, हे मान्य. पण खासदार देशाचा, जिल्ह्याचा नव्हे, हा युक्तिवाद अपुरा पडतो. जिल्हाधिकारी, जिल्हा परिषद, सिंचनाची कामे जिल्ह्यावार चालतात. दोन जिल्ह्यांत विभागलेल्या खासदाराला प्रत्येक कामासाठी दोन दारे ठोठावावी लागतात. कायद्यातही भौगोलिक सलगता, प्रशासकीय सीमा, दळणवळण आणि लोकांची सोय हे निकष लिहिलेले आहेत. आकड्यांची समानता त्यांना गिळून टाकते, तिथे बोलायला हवे.

बोलण्याची संधीही कायद्यात आहे. मतदारसंघ पुनर्रचना आयोग मसुदा प्रसिद्ध करतो, हरकती मागवतो, जाहीर बैठका घेतो. सहयोगी सदस्य म्हणून नेमलेल्या खासदार-आमदारांना आयोगात मताधिकार नसतो, म्हणून त्यांच्यावर विसंबून चालणार नाही. पुढचा मसुदा येईल तेव्हा जळगाव-धुळ्याच्या ग्रामपंचायतींनी, वकील संघांनी आणि महाविद्यालयांनी तो तालुक्यानिशी वाचावा आणि हरकती लेखी द्याव्यात. अंतिम आदेश निघाला की त्याला कायद्याचे बळ येते आणि तो न्यायालयात फिरवणे फार अवघड असते.