घळीतली परतीची वाट



आपल्या धाराशिव जिल्ह्यातले बालाघाटाचे डोंगर फार उंच नाहीत, पण पावसाच्या ओढ्यांनी त्यांत खोल घळी कापल्यात. येडशीचं रामलिंगाचं देऊळ अशाच दरीत आहे. तिथं रुळलेली वाट आहे. बाकी घळींत वाट म्हणजे ओढ्याचं कोरडं पात्र.

मागच्या आश्विनात आमच्या गटातल्या पाच जणी सीताफळांसाठी घळीत उतरलो. जाताना काही अडचण आली नाही. येताना अर्धा तास चढलो, तर समोर उभा कडा आणि दिवस कललेला.

चूक कुठं झाली? खाली जाताना बाजूचे ओढे आपल्या ओढ्याला येऊन मिळतात. आपल्याला काही निवडावं लागत नाही, बोलण्याच्या नादात ते दिसतही नाहीत. वर येताना मात्र तोच संगम फाटा होतो. दोन्हीकडं सारखेच दगड, सारखीच झुडपं.

आमच्यातल्या एका मावशींनी लहानपणी गुरं राखलेली. त्या म्हणाल्या, "पुढं वाट हुडकू नका. आपली पावलं घावंपर्यंत माघारी चला." संगमावरच्या वाळूत आमच्या चपलांचे ठसे सापडले तेव्हा जीव भांड्यात पडला.

आता आम्ही प्रत्येक संगमावर थांबून मागं वळून बघतो, कारण येताना तेच समोर दिसणार असतं. पात्रापासून जरा वर दगडावर दगड रचून खूण ठेवतो. जिथून परत चढता येणार नाही, तिथं उडी मारून उतरत नाही. मोबाईलवर विसंबू नका. रेंज नसतेच, आणि खोल घळीत आभाळाची पट्टीच दिसते, त्यामुळं नकाशावरचा ठिपकाही भरकटतो.

पावसाचं तर विचारूच नका. आपल्या डोक्यावर ऊन असलं तरी वर डोंगरात पडलेला पाऊस घळीत येतो. झुडपांत अडकलेलं वाळलं गवत बघा, पूर तिथवर चढलेला असतो. पाणी अचानक गढूळ झालं, पालापाचोळा वाहून यायला लागला, की पाट्या तिथंच टाकून कडेला उंचावर चढायचं. नगरकडच्या साम्रद गावाजवळ सांदण दरी आहे. तिच्या भिंती इतक्या जवळ आणि उभ्या आहेत की कडेला चढायलाही जागा नाही, म्हणून पावसाळ्यात तिच्यात उतरू नये.

आणि कुठली घळ, कुठून उतरणार, किती वाजता परतणार, हे घरी सांगून जा. आम्ही नुसतं "डोंगरात जातो" म्हणून निघालो होतो. अंधार पडल्यावर गावातली माणसं बॅटऱ्या घेऊन शोधायला निघाली, ती भलत्याच घळीत.