'एमएच ११' लक्षात ठेवायला कष्ट का पडत नाहीत?

रस्त्यात दिसलेला गाडीचा नंबर लक्षात ठेवायचा असेल, तर सातारकराला 'एमएच ११' फुकटात मिळतं. सांगलीकराला 'एमएच १०', कराडकराला 'एमएच ५०'. दोन अक्षरं, दोन आकडे, पण ओझं एकाच तुकड्याचं, कारण तो दीर्घकालीन स्मृतीत आधीच बसलेला आहे. मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलरनं १९५६ मध्ये अल्पकालीन स्मृतीची मर्यादा अशा तुकड्यांतच मोजली: सात, दोन कमी-जास्त. नेल्सन कोवननं २००१ मध्ये ती चारच्या आसपास आणली. मला चारच पटतं.

ॲटकिन्सन आणि शिफ्रिन यांचं प्रसिद्ध मॉडेल १९६८ चं: संवेदी, अल्पकालीन, दीर्घकालीन असे तीन साठे. पण खरी मजा ग्लँझर आणि क्युनिट्झ यांच्या १९६६ च्या प्रयोगात आहे. घरीही करता येतो. पंधरा साधे शब्द सावकाश वाचा, लगेच आठवायला सांगा. सुरुवातीचे आणि शेवटचे जास्त येतात. आता नवी यादी वाचा, पण आठवण्याआधी अर्धं मिनिट आकडे मोजायला लावा. शेवटचे शब्द गळतात, सुरुवातीचे बऱ्यापैकी टिकतात. ते दीर्घकालीन साठ्यात पोचलेले असतात.

फक्त यादीत तालुक्यांची नावं घेऊ नका. शाळेत जिल्हा पाठ केलेला माणूस मिरज, तासगाव, जत धडाधड म्हणून मोकळा होतो आणि प्रयोग तिथंच संपतो!