थेंबाची किनार

“दारूनं चित्रं काढतेस?” बाटलीवरचं ‘अल्कोहोल इंक’ वाचून आईनं विचारलं, त्याला आता आठ वर्षं झाली. आज तिच्या शोकेसमध्ये टीव्हीशेजारी जी निळी टाइल उभी आहे ती माझी. पाहुण्यांना ती काय सांगते, हे मी विचारत नाही.

सुरुवात झाली बाथरूमच्या कामातून उरलेल्या पांढऱ्या टाइल्सवर. या शाईला न शोषणारा पृष्ठभाग लागतो. चित्रकलेच्या वहीत ती झिरपते आणि संपते. शौकीन लोक युपो वापरतात. हा जपानी ‘कागद’ खरं तर पॉलिप्रॉपिलीनचा, म्हणजे आपल्या डब्या-बादल्यांच्या प्लास्टिकचा ताव. दिसायला सुंदर, पण महाग. नवख्यानं टाइलच घ्यावी, असं माझं ठाम मत. सुकलेली शाईसुद्धा अल्कोहोलनं पुन्हा विरघळते. चित्र बिघडलं की कापसाचा बोळा फिरवा, टाइल कोरी. इतकी क्षमाशील कला मला दुसरी माहीत नाही.

इतिहास एका दमात उरकते. शाई म्हणजे अल्कोहोलमध्ये विरघळवलेला रंग. जपानी कॉपिक मार्कर १९८७ साली आले, त्यांतही हीच जात. पुढे हस्तकलेच्या दुकानांत छोट्या बाटल्या आल्या. झालं.

शाई पातळ करायला आयसोप्रोपिल अल्कोहोल लागतं, ९९ टक्क्यांचं. मी आधी घरातलं सॅनिटायझर ओतलं. त्यात ग्लिसरीन असतं. टाइल दोन दिवस चिकट राहिली आणि तिच्यावर एक मुंगी कायमची विराजमान झाली. खरा माल मिळाला कोपऱ्यावरच्या मोबाईल दुरुस्तीवाल्याकडून. फोनचे बोर्ड पुसायला ही मंडळी ‘आयपीए’ ठेवतातच. “ताई, किती फोन पाण्यात पाडलेत?” एवढंच त्यानं विचारलं.

आता माझ्या वेडाकडे येते: किनार. टाइलवर निळ्याचा एक थेंब टाका. तो क्षणात रुपयाएवढा पसरतो, थबकतो, आणि सुकता सुकता कडेला एक गडद रेघ उमटते, जणू कोणी बारीक कुंचल्यानं काठ मारलाय. आता त्या निळ्याच्या मधोमध नुसत्या अल्कोहोलचा थेंब सोडा. रंग बाहेर ढकलला जातो, मध्ये पांढुरकं तळं उरतं, त्याला पुन्हा नवी किनार. पहिल्या वर्षी मी चित्रं काढलीच नाहीत, नुसते थेंब टाकत बसले.

थेंब कडेला सर्वांत लवकर सुकतो. तिथली तूट भरायला मधला द्रव बाहेर धावतो आणि रंग सोबत नेतो. सांडलेल्या कॉफीच्या डागाला कड येते तीही याचमुळे. शिकागोच्या संशोधकांनी १९९७ साली ‘नेचर’मध्ये हे उलगडून दाखवलं. दुसरं कारण पृष्ठताणाचं. अल्कोहोलचा ताण पाण्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी, आणि द्रव नेहमी जास्त ताणाकडे ओढला जातो. वाइनच्या पेल्याच्या आतल्या बाजूला जे अश्रू ओघळतात त्यांचा उलगडा जेम्स थॉमसननं १८५५ साली याच ओढीनं केला, पण नाव लागलं कार्लो मॅरांगोनी या इटालियन माणसाचं. त्याचा प्रबंध १८६५चा. पुढे तो फ्लॉरेन्सच्या शाळेत वर्षानुवर्षं शिकवत राहिला. मला तो शाळामास्तर फार आवडतो. घरी ताटलीत पाण्याचा अगदी पातळ थर घ्या, मध्ये स्पिरिटचा थेंब टाका. पाणी दचकून बाजूला पळतं. पाहुण्यांची पोरं यावर अर्धा तास गप्प बसतात.

७० टक्क्यांचं स्पिरिट घेतलं तर त्यातलं पाणी मागे रेंगाळतं आणि किनार फुटते. म्हणून मी पावसाळ्यात बाटलीचं झाकण क्षणभरही उघडं ठेवत नाही. अल्कोहोल हवेतला ओलावा ओढून घेतं. रंग एका वेळी तीनच. पाच घेतलेत तर चिखल, हे मी चिखल करूनच शिकले. हलवायला कॅमेऱ्याची धूळ उडवायचा रबरी फुगा उत्तम. हेअर ड्रायर घेतलाच तर मंद आणि थंड.

खिडक्या उघड्या ठेवा, हातमोजे घाला. आणि सणासुदीच्या दिवसांत विशेष सांगायचं तर पणत्या, उदबत्त्या दुसऱ्या खोलीत. या अल्कोहोलची वाफ १२ अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते, शिवाय हवेपेक्षा जड असल्यानं खाली साचून राहते.

चित्र उन्हात लावू नका. पश्चिमेच्या खिडकीसमोरचा माझा जांभळा दोन वर्षांत राखेसारखा झाला. वर वॉर्निशचा स्प्रे द्यावा, हलके हलके थर. ब्रश फिरवलात तर सगळं चित्र ब्रशबरोबर चालू लागतं.

आणि तोंडानं फुंकर मारू नये, थुंकी उडते. हे आईला सांगायचं राहिलं होतं. शोकेसमधल्या निळ्या टाइलवर उजव्या कोपऱ्यात तीन फिकट ठिपके आहेत. त्या तिच्या मते चांदण्या आहेत, आणि त्या तिनं काढल्यात.