काउंटीच्या दप्तरातील पूर्वज

आपले कूळ कोठून आले हे जाणून घेण्याची इच्छा मनुष्यमात्राला स्वाभाविक आहे. ती पुरी करण्याची आपल्याकडील साधने श्रोत्यांच्या परिचयाची आहेत. त्र्यंबकेश्वरच्या किंवा काशीच्या तीर्थोपाध्यायाच्या वहीत कोणाला पणजोबांची स्वाक्षरी सापडते; कुळकर्ण्याच्या मोडी दप्तरात जमिनीच्या निमित्ताने कोणाच्या चार पिढ्यांची नावे हाती लागतात. परंतु ज्याच्या पूर्वजांना जमीन तर नव्हतीच, उलट जमिनीप्रमाणे त्यांचीच खरेदी-विक्री होत असे, त्याने आपली वंशावळ कोठे शोधावी? अमेरिकेतील बहुसंख्य कृष्णवर्णीय कुटुंबांपुढे हा प्रश्न उभा राहतो, आणि त्याचे उत्तर पुष्कळदा एकाच ठिकाणी मिळते. ते ठिकाण म्हणजे काउंटीची कचेरी.

काउंटी हा शब्द आपल्या कानांना परिचित आहे तो इंग्लंडातील क्रिकेटमुळे. तेथून गेलेल्या वसाहतवाल्यांनी ही व्यवस्था आपल्याबरोबर अटलांटिकपार नेली. आज अमेरिकेत अशा 3,000 हून अधिक काउंट्या आहेत. लुइझियाना राज्यात त्यांना पॅरिश म्हणतात. प्रशासनाच्या दृष्टीने काउंटी आपल्या जिल्ह्यासारखी. आकाराने मात्र कित्येक काउंट्या तालुक्याएवढ्याच. काउंटीच्या मुख्य गावी न्यायकचेरी असते, आणि जमिनीची खरेदीखते, गहाणखते, मृत्युपत्रे, विवाहाचे परवाने, कराच्या याद्या व दाव्यांचे निकाल यांच्या जाडजूड वह्या तेथे ठेवलेल्या असतात. जन्ममृत्यूची नोंद राज्यभर एकसारखी होऊ लागली ती बहुतेक राज्यांत विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत. तत्पूर्वीच्या पिढ्यांसाठी काउंटीचे दप्तर हाच मोठा आधार आहे.

वंशशोधाचा पहिला नियम असा, की ज्ञाताकडून अज्ञाताकडे, म्हणजे आपल्यापासून मागे जावे. अमेरिकेत 1790 पासून दर दहा वर्षांनी शिरगणती होते, आणि तिची व्यक्तिशः पत्रके 72 वर्षांनंतर सर्वांस खुली करण्यात येतात. 1950 सालची पत्रके 2022 मध्ये खुली झाली. तेव्हा शोधकाने आजोबांपासून आरंभ करावा आणि एकेक दशक मागे सरकावे. वाटेत 1890 हे साल लागते. त्या शिरगणतीचे बहुतेक कागद 1921 साली वॉशिंग्टन येथे लागलेल्या आगीनंतर नष्ट झाले. तेथे काउंटीच्या कराच्या याद्या आणि विवाहाच्या वह्या उपयोगी पडतात. असे करीत करीत 1870 पर्यंत पोहोचले, की कृष्णवर्णीय शोधकापुढे एकाएकी भिंत उभी राहते.

याचे कारण समजून घेतले पाहिजे. 1850 पासून प्रत्येक स्वतंत्र माणसाचे नाव शिरगणतीत लिहिले जाऊ लागले; परंतु गुलाम हा स्वतंत्र माणूस नव्हता. 1850 आणि 1860 साली गुलामांची निराळी पत्रके केली गेली. त्यांत धन्याचे नाव वर असे, आणि त्याखाली एकेका ओळीत गुलामाचे वय, स्त्री की पुरुष, आणि वर्ण. नाव बहुधा नसेच. 1860 साली सुमारे 39 लाख 50 हजार माणसे गुलामगिरीत होती. 1865 साली तेरावी घटनादुरुस्ती होऊन गुलामगिरी नष्ट झाली, आणि 1870 च्या शिरगणतीत या माणसांना प्रथमच नाव, आडनाव व कुटुंब यांसह स्थान मिळाले.

समजा, 1870 च्या पत्रकात एक साठ वर्षांची स्त्री सापडली. तिच्या आयुष्याची पहिली पंचावन्न वर्षे कोठे शोधावयाची? येथे शोधकाला एक कठीण गोष्ट करावी लागते. आपल्या पूर्वजांचा शोध थांबवून त्यांच्या धन्याचा शोध त्याला हाती घ्यावा लागतो. धन्याचे आडनाव तेच गुलामाचे, असा समज आहे. पण तो सर्वत्र खरा नाही. कित्येकांनी पूर्वीच्या एखाद्या धन्याचे आडनाव चालविले, कित्येकांनी स्वतःच नवे पसंत केले. म्हणून 1870 च्या पत्रकातील शेजारची घरे वाचावी लागतात, कारण मुक्त झालेली अनेक कुटुंबे त्याच परिसरात राहिली होती. मुक्त झालेल्या लोकांसाठी काढलेली एक पेढी 1865 ते 1874 या काळात चालू होती. तिच्या खातेदारांच्या नोंदवहीत पुष्कळदा जन्मस्थान, आईबाप, भावंडे, आणि क्वचित पूर्वीच्या धन्याचेही नाव मिळते.

धनी सापडला, की काउंटीच्या दप्तराचे दार उघडते. धन्याने गुलाम विकत घेतला तर खरेदीखत झाले. कर्ज काढले तर गहाणखतात गुलामांची नावे आली. मुलीच्या लग्नात दासी दिली तर बक्षिसपत्र झाले. आणि धनी मरण पावला तेव्हा न्यायालयाच्या आज्ञेने त्याच्या मालमत्तेची याद झाली. ही याद सर्वांत महत्त्वाची. तीत घोडे, नांगर, पलंग, भांडी आणि त्यांच्याच रांगेत माणसे, प्रत्येकासमोर किंमत. कधी आईच्या नावापुढे तिच्या तान्ह्या मुलाचे नाव असते, कारण दोघांची किंमत एकत्र धरलेली असे. त्यापुढील वाटणीपत्रात कोणते मूल कोणत्या वारसाकडे गेले हे कळते, आणि त्या वारसाचा माग काढीत शोधक दुसऱ्या काउंटीत, कधी दुसऱ्या राज्यात जाऊन पोहोचतो. शिरगणतीने न दिलेले नाव येथे मिळते. कारण मालमत्तेवर हक्क सांगावयाचा तर ती ओळखता आली पाहिजे. ज्या नोंदींनी एक कुटुंब विस्कटले, त्याच नोंदींच्या आधारे आज ते पुन्हा जुळवावे लागते.

यानंतरची एक वही मात्र निराळी आहे. गुलामांच्या विवाहाला कायद्याची मान्यता नव्हती. 1866 साली नॉर्थ कॅरोलायना राज्याने कायदा करून, जे स्त्रीपुरुष गुलामगिरीत पतिपत्नी म्हणून राहत होते त्यांनी तशी नोंद काउंटीत करावी असे ठरविले. त्या नोंदीत दोघांची नावे येतात, आणि आपण किती वर्षे एकत्र राहत आहोत हेही येते. ज्या काउंटीने या माणसांना आजवर धन्याच्या यादीत लिहिले होते, तिने आता त्यांच्याच सांगण्यावरून त्यांचा संसार लिहून घेतला.

या मार्गावर अडचणी पुष्कळ आहेत. पहिली अडचण सीमांची. केंटकी राज्य 1792 साली झाले तेव्हा त्यात 9 काउंट्या होत्या. आज 120 आहेत. कुटुंब त्याच शेतावर राहिले तरी काउंटी बदलत गेली, आणि जुने कागद बहुधा मूळ काउंटीकडेच राहिले. म्हणून ते गाव त्या साली कोणत्या काउंटीत होते, हे आधी पाहावे. दुसरी अडचण आगीची. यादवी युद्धाच्या काळात व्हर्जिनियातील कित्येक काउंट्यांनी आपली दप्तरे सुरक्षित राहावीत म्हणून रिचमंडला पाठविली, आणि 1865 च्या एप्रिलात रिचमंडला लागलेल्या आगीत तीच जळून गेली. अशा ठिकाणी शेजारच्या काउंटीचे कागद, राज्याकडे गेलेल्या कराच्या याद्या, चर्चच्या वह्या यांवर भागवावे लागते. तिसरी अडचण सूचीची. दस्तांची सूची घेणाऱ्याच्या आणि देणाऱ्याच्या नावाने असते. जो विकला गेला त्याचे नाव सूचीत नसते. ती उणीव आता हळूहळू भरून निघत आहे. नॉर्थ कॅरोलायनातील बंकम काउंटीच्या नोंदणी कचेरीने 2010 नंतरच्या दशकात आपल्या वह्यांतील गुलामांचे दस्त वेगळे काढून लोकांसाठी प्रसिद्ध केले. मुक्त झालेल्यांच्या साह्यासाठी 1865 ते 1872 या काळात चाललेल्या सरकारी खात्याच्या कागदांतील नावांची सूची हजारो स्वयंसेवकांनी 2016 साली पुरी केली.

या दूरच्या दप्तरांशी मराठी माणसाचा एक जुना ऋणानुबंध आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी 1873 साली आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ, गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला. त्या मुक्त माणसांची नावे शिरगणतीत प्रथम आली त्याला तेव्हा अवघी तीन वर्षे झाली होती. आपल्याही पेशवेकालीन कागदांत कुणबिणींच्या खरेदी-विक्रीच्या नोंदी आढळतात, आणि त्यांच्या संततीचे वंशवृक्ष कोणी भिंतीवर लावलेले नाहीत. तेव्हा आपल्यापैकी कोणी जुने दप्तर उघडील, तर हे दप्तर कोणी, कोणाच्या हितासाठी लिहिले, हा प्रश्न त्याने प्रथम विचारावा. ज्यांचे स्वतःचे दप्तर नव्हते अशा माणसांची नावे दुसऱ्यांच्या कागदांत, कोठल्यातरी किमतीच्या शेजारी लिहिलेली असतात. ती वाचून घेणे, आणि ज्यांची होती त्यांच्या वंशजांच्या हाती ती देणे, हे वंशशोधाचे सर्वांत उपयुक्त काम आहे.