जाधव आडनावाची वंशावळ किती मागे जाते?

बुलढाणा जिल्ह्यात देऊळगाव अनेक आहेत. देऊळगाव मही, देऊळगाव माळी, देऊळगाव साकर्शा आणि तालुक्याचं ठिकाण असलेलं देऊळगाव राजा. नुसतं देऊळगाव म्हटलं तर कोणतं ते कळायचं नाही, म्हणून गावांनाही आडनावं लागली. त्यातला ‘राजा’ हा एकट्या देऊळगावाचा नाही. सिंदखेड राजा, किनगाव राजा, आडगाव राजा, मेहुणा राजा ही आसपासची गावंही तोच शब्द लावतात. हे राजे म्हणजे सिंदखेडचे जाधव. जिजाऊंचे वडील लखुजी जाधव हे सिंदखेडचे देशमुख आणि निजामशाहीतले मातब्बर सरदार होते. त्यांच्या घराण्याच्या शाखा या मुलखात पसरल्या आणि देऊळगावचं बालाजी मंदिरही परंपरेने याच घराण्यातल्या राजे जगदेवरावांचं मानलं जातं. म्हणजे गावाच्या नावात सत्तेची नोंद राहिली आहे. माझं म्हणणं असं, की खुद्द ‘जाधव’ या आडनावाकडेही याच नजरेने पाहावं. ते आधी सत्तेची आणि प्रतिष्ठेची नोंद आहे, रक्ताच्या नात्याचा पुरावा म्हणून ते फार लंगडं पडतं.

रूढ समजूत अशी, की देवगिरीचे यादव तेच पुढे जाधव झाले. शब्दापुरतं हे पटण्यासारखं आहे. यात्रेची जत्रा होते, योग्याचा जोगी होतो, तसा यादवातला ‘य’ जाऊन ‘ज’ येणं आपल्या भाषेच्या वळणाला धरून आहे. मोगल काळातल्या फारसी ग्रंथांत लखुजींचा उल्लेख ‘जादूराय’ असा येतो, तिथे तर ‘ध’ सुद्धा नाही, मूळचा ‘द’ टिकून आहे. पण शब्द कुठून आला हे कळलं म्हणून माणसं कुठून आली हे कळत नाही. देवगिरीचा राजा रामचंद्रदेव यादव याचा जावई हरपालदेव दिल्लीच्या सुलतानाविरुद्ध उठला आणि मारला गेला, आणि यादवांची सत्ता संपली, ती चौदाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात. लखुजी इतिहासात ठळक दिसू लागतात ते सोळाव्या शतकाच्या अखेरीस. मधली अडीचशेहून अधिक वर्षं, म्हणजे आठ-दहा पिढ्या. या पिढ्या वंशावळींत सांगितल्या जातात. समकालीन कागदांनी त्या एकेक करून सिद्ध झालेल्या नाहीत. २५ जुलै १६२९ रोजी लखुजींचा मुलांसह आणि नातवासह खून झाला तो दौलताबादेत, म्हणजे जुन्या देवगिरीतच. हा योग मनाला चटका लावतो, पण योगाने वंश सिद्ध होत नाही.

यावर कुणी म्हणेल, लखुजींच्या काळातल्या मोठमोठ्या घराण्यांनी हा यादव वारसा मान्य केला होता, मग आपण शंका घेणारे कोण? आक्षेप वजनदार आहे. पण त्या मान्यतेतून जे सिद्ध होतं ते सतराव्या शतकाबद्दल. तेव्हा जाधवांचा दरारा एवढा होता की देवगिरीचा वारसा सांगणं त्यांना शोभत होतं आणि इतरांना पटत होतं. तो काळच अशा दाव्यांचा होता. मोऱ्यांचं नातं मौर्यांशी, कदमांचं कदंबांशी, शेलारांचं शिलाहारांशी जोडलं जातं ते याच चालीने. यातला एखादा दावा खराही असेल, मात्र नुसत्या नावाच्या साम्यावर तो उभा राहत नाही. इंग्लंडात हा प्रश्न प्रयोगशाळेत तपासला गेला. लेस्टर विद्यापीठातल्या टुरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी २००९ साली ४० आडनावांच्या पुरुषांमधलं, बापाकडून मुलाकडे जाणारं वाय गुणसूत्र पाहिलं. ॲटनबरोसारख्या विरळ आडनावाची बहुतेक माणसं एकाच पूर्वजाकडे पोचली. स्मिथ या सर्वत्र आढळणाऱ्या आडनावात मात्र असा एक पूर्वज दिसेना, कारण लोहाराचा धंदा गावोगाव होता आणि नाव ठिकठिकाणी नव्याने पडलं होतं.

जाधव हे आपल्याकडचं असंच सर्वत्र आढळणारं आडनाव आहे. ते मराठ्यांत आहे, दलित समाजात आहे, आणि बंजाऱ्यांत राठोड, पवार, चव्हाण यांच्या बरोबरीने आहे. बंजाऱ्यांतले जाधव स्वतःचं गोत वडत्या सांगतात. त्यांची कुळकथा वेगळी, देवगिरीशी तिचा संबंध नाही. या सगळ्यांना एका वंशवृक्षावर बसवायचं, किंवा त्यातल्या एकालाच ‘खरे जाधव’ ठरवून बाकीच्यांनी नाव उसनं घेतलं असं म्हणायचं, या दोन्ही गोष्टींना आधार नाही. दुसरी तर अन्यायाची आहे. जो तो आपल्या वाटेने या नावापर्यंत आला, आणि प्रत्येक वाट शोधण्याच्या लायकीची आहे.

म्हणूनच जुन्या वतनदार घराण्यांची दप्तरं इथे महत्त्वाची. देऊळगाव राजा आणि भोवतालच्या ‘राजा’ गावांत कुणाच्या माळ्यावर, देव्हाऱ्यात वा जुन्या पेटीत मोडीतल्या सनदा, महजर किंवा वतनाचे कागद असतील, तर ते वाळवीच्या तोंडी जाऊ देऊ नका. त्यांची छायाचित्रं काढा आणि पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेला दाखवा.