अंगणातले धोकादायक झाड : आधी परवानगी, मग कुऱ्हाड

एप्रिल-मे महिन्यात नाशिकला वळवाचा पाऊस येतो तो वारा घेऊनच. त्या अर्ध्या तासात झाडे पडतात, फांद्या तुटतात, विजेच्या तारा रस्त्यावर येतात. जुन्या नाशकात अंगणे लहान आणि झाडे मोठी. त्या झाडांखालीच आपली गोदामे, शिलाईचे कारखाने आणि पत्र्याच्या शेड आहेत. फांदी पत्र्यावर पडली की मागोमाग पाऊस आत येतो आणि भिजलेला कापडाचा गठ्ठा कोणी निम्म्या भावातही घेत नाही. शेडखाली कारागीर बसलेला असेल तर नुकसान पैशात मोजता येत नाही. म्हणून या विषयाची माहिती प्रत्येक दुकानदाराला व कारखानदाराला असली पाहिजे.

झाड तोडणे योग्य आहे काय?

झाड लावणे हा सदका आहे. त्याचे फळ माणसाने, पाखराने किंवा जनावराने खाल्ले तरी लावणाऱ्याला सवाब मिळतो, ही पैगंबर मुहम्मद (स.) यांची शिकवण आपण सर्व जाणतो. पण लोकांच्या वाटेत त्रास देणारे झाड दूर केल्यामुळे एका माणसाला जन्नत मिळाल्याची हदीसही सहीह मुस्लिममध्ये आहे. अर्थ स्पष्ट आहे. विनाकारण झाड तोडू नये आणि ज्याच्यामुळे दुसऱ्याच्या जिवाला धोका आहे ते तसेच उभेही ठेवू नये.

धोका कसा ओळखावा?

वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी व नंतर, झाडाभोवती फिरून पहावे.

१. बुंध्याशी किंवा मुळांवर भूछत्रे उगवली असतील तर आतले लाकूड कुजत आहे असे समजावे.
२. लाकडी हातोड्याने खोड ठोकून पहावे. आवाज पोकळ आला, साल सुटत असली किंवा वाळवी लागली असेल तर जाणकाराला बोलवावे.
३. जन्मापासून तिरके वाढलेले झाड सहसा धोक्याचे नसते. पण सरळ झाड अचानक कलले आणि कललेल्या बाजूच्या उलट बाजूची जमीन फाटली, तर एक दिवसही थांबू नये. त्या जागेतून माणसे व माल हलवावा.
४. गटार, केबल किंवा पाया खोदताना मुळे तोडली गेली असतील तर झाड वरून हिरवे दिसले तरी त्याची पकड गेलेली असते. बुंध्यापर्यंत काँक्रीट ओतल्यानेही मुळांना हवा-पाणी मिळत नाही.

गुलमोहराची मुळे उथळ आणि लाकूड ठिसूळ असते, त्यामुळे वाऱ्यात तो लवकर पडतो. भिंतीच्या फटीतला पिंपळ किंवा उंबर तर रोप असतानाच काढावा, मोठा झाला की भिंतीसकट निघतो. मात्र पुष्कळदा पूर्ण झाड तोडण्याची गरज नसते. वाळक्या व जड फांद्यांची छाटणी केली तरी धोका टळतो.

कायदा काय सांगतो?

महापालिका व नगरपालिकांच्या हद्दीत १९७५ चा महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम लागू आहे. झाड आपल्या खाजगी जागेत असले तरी वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय ते तोडणे गुन्हा असून दंडाची व कैदेची तरतूद आहे. मोठी छाटणी करण्यापूर्वीही विचारून घ्यावे. झाड मेलेले किंवा रोगट असेल, अथवा त्याच्यापासून जीवित व मालमत्तेला धोका असेल, तर परवानगी देण्याची सोय याच कायद्यात आहे.

नाशिक महापालिकेत हे काम उद्यान विभाग पाहतो. अर्जात झाडाची जात, संख्या, तोडण्याचे कारण आणि जागेचा साधा नकाशा द्यावा. मालकीचा कागद व फोटो जोडावेत. भाडेकरूने मालकाची सही घ्यावी. जागा मस्जिद, दर्गाह किंवा कब्रस्तानची असेल तर अर्ज मुतवल्ली अथवा विश्वस्तांनी करावा. त्या लाकडाचा पैसाही वक्फचाच, हे विसरू नये. त्यानंतर अधिकारी पाहणी करतात, झाडावर व वृत्तपत्रात नोटीस लागते आणि हरकती ऐकल्या जातात.

२०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षे किंवा त्याहून जुने झाड हेरिटेज वृक्ष मानले जाते. तसेच तोडलेल्या झाडाचे जितके वय, तितकी नवी झाडे लावण्याची जबाबदारी येते. हा खर्च आधीच धरावा.

अर्जाची पोच आणि प्रत्येक पावती जपून ठेवावी. जुलै २०१७ मध्ये मुंबईत चेंबूरला नारळाचे झाड कोसळून दूरदर्शनच्या एका माजी निवेदिकेचा मृत्यू झाला. ते झाड तोडण्याची परवानगी आधी मागितली गेली होती आणि ती नाकारण्यात आली होती. अर्ज नाकारला गेला आणि धोका मात्र वाढत चालला, तर नवे फोटो जोडून पुन्हा लेखी अर्ज करावा. तोंडी तक्रारीला पुरावा नसतो.

खेडेगावात कायदा वेगळा आहे. तेथे १९६४ च्या वृक्षतोड अधिनियमानुसार साग, चंदन, खैर, आंबा, चिंच, मोह, जांभूळ, फणस अशा अनुसूचित झाडांना परवानगी लागते.

शेजाऱ्यांना विश्वासात घ्या

वड, पिंपळ, उंबर ही झाडे आपल्या हिंदू शेजाऱ्यांना पूज्य आहेत. परवानगी हातात असली तरी आदल्या दिवशी त्यांना भेटावे, कागद दाखवावा, धोका समजावून सांगावा. काम दिवसाउजेडी करावे. रात्री गुपचूप तोडलेले झाड गैरसमज पैदा करते. २०२५ च्या अखेरीस सिंहस्थाच्या साधुग्रामसाठी तपोवनातील झाडे तोडण्याच्या प्रस्तावाला नाशिककरांनी जोरदार विरोध केला. झाडांबाबत शहर जागे आहे आणि ती चांगलीच गोष्ट आहे.

तोडताना घ्यायची काळजी

"फुकट तोडतो, लाकूड आम्ही नेतो" म्हणणाऱ्याच्या नादी लागू नये. परवानगी नसेल तर जबाब मालकालाच द्यावा लागतो. अनुभवी माणसाशी लेखी ठराव करावा : मजुरी किती, लाकूड कोणाचे, मजुरांचा विमा आहे की नाही.

तारा जवळ असतील तर महावितरणला कळवून वीज बंद करून घ्यावी. ती बंद झाल्याची खात्री होईपर्यंत कोणालाही वर चढू देऊ नये. दाट वस्तीत झाड बुंध्यातून एकदम पाडू नये. वरून खाली, तुकड्या-तुकड्याने, दोर बांधून फांद्या उतरवाव्यात. फांदीला आधी खालून थोडी चीर द्यावी आणि मग वरून कापावे, म्हणजे साल फाटून फांदी मजुराकडे झेपावत नाही. वर चढणाऱ्याच्या कमरेला पट्टा व डोक्यावर हेल्मेट हवे. खाली मुलांना फिरकू देऊ नये. घरटी व मधमाश्यांची पोळी आधी पाहून घ्यावीत. वारा किंवा पाऊस असेल तर काम पुढे ढकलावे.

झाड पडलेच तर अग्निशमन दलाला १०१ वर कळवावे आणि तारेला हात लावू नये.

विमा

एका ठिकाणी पाच कोटी रुपयांपर्यंतची मालमत्ता असणाऱ्या छोट्या उद्योगांसाठी १ एप्रिल २०२१ पासून भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा ही पॉलिसी आहे. झाड पडून होणारे नुकसान तिच्यात धरले जाते. जे भाई तकाफुलच्या मसल्यामुळे विम्याबाबत साशंक आहेत त्यांनी आलिमांना विचारावे. पॉलिसी असली तरी मालाची नोंद अद्ययावत हवी आणि मालमत्तेची वाजवी काळजी घेणे ही मालकाचीच जबाबदारी असते.

पावसाळा येण्यापूर्वी एक सकाळ यासाठी काढावी. तोडलेल्या झाडाच्या बदली जी रोपे लावायची ती भिंतीपासून व तारांपासून दूर लावावीत, म्हणजे आपल्या मुलांना पुन्हा असाच अर्ज करावा लागणार नाही.