घरोघरचें गणित आणि क्वांटम यंत्र

घरांतील संगणक आपण दिवसाकाठीं चार-दोन तास वापरतों. एरवीं तो नुसता बसून असतो. हा वायां जाणारा वेळ गोळा करून शास्त्रीय गणितें सोडवावीं, ही मुष्टिफंडासारखी कल्पना १९९९ सालीं अमेरिकेंतील बर्कले येथील विद्यापीठानें फार मोठ्या प्रमाणावर अमलांत आणली. आकाशांतून येणाऱ्या रेडिओलहरींत परग्रहावरील कोणाचा संदेश दडला आहे काय, हें 'सेटी ॲट होम' या योजनेंत लक्षावधि घरगुती संगणकांनीं तपासलें. संदेश सांपडला नाहीं, आणि २०२० च्या मार्चअखेर तें कामवाटप थांबलें. पण त्याच सुमारास कोरोनाच्या विषाणूंतील प्रथिनांची हालचाल शोधणाऱ्या 'फोल्डिंग ॲट होम' या योजनेकडे लोकांनीं अशी रीघ लावली कीं, त्यांच्या यंत्रांची एकत्रित गति सेकंदास एकावर अठरा शून्यें इतक्या क्रियांच्या पुढें गेली. तेवढी शक्ति त्या वेळीं जगांतील कोणत्याहि एका महासंगणकांत नव्हती.

आतां क्वांटम संगणकाचा बोलबाला आहे. तेव्हां विजेचें बिल सोसून संगणक चालूं ठेवणाऱ्या गृहस्थाला साहजिकच वाटतें, कीं आपलें हें दान यापुढें निरर्थक ठरणार काय?

क्वांटम संगणक सर्व उत्तरें एकदम तपासतो, असें वारंवार सांगण्यांत येतें. तें अर्धसत्य आहे. त्याचे 'क्यूबिट' नांवाचे घटक शून्य व एक या दोन्ही अवस्थांच्या मिश्रणांत राहूं शकतात हें खरें. परंतु वाचावयास गेलें कीं हातीं एकच उत्तर लागतें. चुकीच्या उत्तरांच्या लहरी एकमेकींना खोडतील आणि बरोबर उत्तराची लहर उंचावेल, अशी योजना करणें हेंच खरें कौशल्य होय, आणि तें थोड्याच प्रश्नांत साधतें.

बेल प्रयोगशाळेंतील भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ लव ग्रोव्हर यांनीं १९९६ सालीं शोधाच्या कामासाठीं अशी एक युक्ति काढली. समजा, एक लक्ष कोटी पेट्या आहेत व एकींतच चिठ्ठी आहे. साध्या संगणकाला, दैव प्रतिकूल असल्यास, सगळ्या उघडाव्या लागतील. ग्रोव्हरच्या रीतीनें सुमारें दहा लक्ष पायऱ्यांत काम होतें. एक यंत्र दहा लक्ष घरांच्या बरोबरीचें झालें! पण आतां तीं कामें घरोघर वांटून पाहा. दहा लक्ष साधे संगणक लावले तर वेग दहा लक्षपट वाढतो. दहा लक्ष क्वांटम यंत्रें लावलीं तर प्रत्येकाच्या वांट्याला दहा लक्ष पेट्या येतात, त्यांना सुमारें हजार पायऱ्या लागतात. म्हणजे वेग वाढला केवळ हजारपट. वांटणीनें ज्याचें बळ पुरतेपणीं वाढतें तें साधें यंत्र. क्वांटम यंत्राची कमाई वांटणींत विरघळते. शिवाय त्याची एकेक पायरी, चुका दुरुस्त करीत चालावयाचें म्हटल्यास, फार मंद पडते.

आणखी एक अडचण. आकाशांतून नोंदलेल्या लहरींचे ढीग यंत्रांत भरल्यावांचून तपासतां येत नाहींत, आणि त्या भरण्यांतच बहुतेक नफा खर्ची पडतो. यंत्र घरीं ठेवण्याची तर गोष्टच नको. गूगलचें २०१९ सालचें त्रेपन्न क्यूबिटांचें यंत्र निरपेक्ष शून्याच्या वर अंशाच्या कांहीं शतांशांवर थंड ठेवावें लागे.

मग त्याचें क्षेत्र कोणतें? रिचर्ड फाइनमन यांनीं १९८१ मध्येंच तें दाखविलें होतें: निसर्ग स्वतः क्वांटम नियमांनीं चालतो, तर त्याची नक्कलहि तशाच यंत्रानें करावी. रेणूंतील इलेक्ट्रॉनांचें वर्तन हा असा प्रश्न आहे. प्रथिनांचें गणित करणाऱ्या घरगुती यंत्रांना अणूंमधील बलें अंदाजी सूत्रांनीं दिलेलीं असतात. पुढें विश्वासार्ह क्वांटम यंत्रें झालीं, तर तीं सूत्रें त्यांच्याकडून अधिक अचूक करून घेतां येतील. अणूंचीं कोट्यवधि पावलें एकामागून एक मोजण्याचें काम मात्र तेव्हांहि घरोघरच्या संगणकांकडेच राहण्याचा संभव अधिक.